मामाचा हात तेवढा राहिला

आम्ही एक मामा कापला. जिवंत मामा नव्हे, फोटोतला. पण भिवंडीजवळच्या कोन नावाच्या गावात हा फरक मानायला कोणी तयार नव्हतं, आणि सगळ्यांत कमी तयार होता तो मामा स्वतः. त्यापायी माझ्या आठवीतल्या एका मुलीच्या थोरल्या बहिणीचं लग्न, पत्रिका वाटून झालेल्या आणि मांडववाला ठरलेला असताना, अडून बसलं. नवरीला मांडवात मामा घेऊन येतो, आणि या मामाने जाहीर केलं होतं की आपण काही येत नाही. हे ज्यांना क्षुल्लक वाटत असेल त्यांनी एखाद्या आगरी लग्नात मामाशिवाय नवरी उभी करून दाखवावी. मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी थांबते.

मुळात हेतू फार उदात्त होता. या शतकाची पहिली काही वर्षं उलटली होती आणि मी भिवंडीत निजामपुऱ्याजवळच्या एका मराठी शाळेत मराठी नि इतिहास शिकवत होते. राहायला कल्याणला, रोज शेअर रिक्षाने ये-जा. शाळेच्या आजूबाजूला चोवीस तास कापडाचे यंत्रमाग खडखडत असत. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय होती की वीज गेली आणि माग थांबले की मुलं दचकून वर बघायची, कोणीतरी रागावलं असावं तशी.

अशा या शाळेत संगणक आले. मुख्याध्यापकांनी त्यांच्यासाठी एक खोली रिकामी करून घेतली, दारात चपला काढायचा नियम केला आणि मागावरच्या कोऱ्या कापडाचे अभ्रे शिवून घेतले. कापसाची लव हवेत तरंगते, ती आत जाईल म्हणून. अभ्रे इतके नेटके होते की ते काढायचा धीर कोणाला होईना. पहिले कित्येक महिने आमचे विद्यार्थी संगणक म्हणजे पांढरा झगा घातलेली एक गप्प वस्तू, एवढंच ओळखून होते. दसऱ्याला त्या झग्यांवर हळदकुंकू वाहिलं गेलं, तेवढीच काय ती त्यांची हाताळणी.

मग मला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे टाय लावलेल्या एका तरुणाने आम्हाला ‘डिजिटल स्क्रॅपबुक’ दाखवलं. चिकटवहीच, पण संगणकातली. फोटो आत घ्यायचा, पानावर बसवायचा, भोवती चौकट, खाली दोन ओळी. मुलांनी आपापल्या घरच्या चालीरीती अशा मांडल्या की त्यांच्यात ‘सांस्कृतिक साक्षरता’ येते, असं तो म्हणाला. मला हा शब्द भयंकर आवडला. त्याने जणू फेटा बांधलाय आणि तो पाटावर बसलाय असं वाटावं असा शब्द. मी परत येऊन मुख्याध्यापकांसमोर तो इतक्या थाटात उच्चारला की ते खुर्चीतून अर्धे उठले.

“म्हणजे अभ्रे काढावे लागणार का?” त्यांनी विचारलं.

“हो सर.”

“सगळे?”

अभ्रे निघाले. मी वर्गाला सांगितलं, “आपली संस्कृती या विषयावर प्रत्येकाने एक पान करायचं.” मुलं खूश झाली, इंटरनेटवर गेली आणि पहिल्या आठवड्यात आमच्या संस्कृतीत कथकली, बर्फाचे डोंगर, हाऊसबोट आणि एक उंट एवढं जमा झालं.

“आपल्या भिवंडीत, नारपोलीत उंट कुठून आला रे?” मी विचारलं.

“बाई, येतो ना कधी कधी. दहा रुपयांत चक्कर मारतात.”

“तुझ्या घरच्या कोणत्या कार्यात आला होता?”

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. “कार्यात नाय आला, बाई. पण बोलवला तर येईल.”

मी इंटरनेटची तार काढून टेबलाच्या खणात टाकली. फर्मान सोडलं: फोटो घरच्या अल्बममधलाच हवा. घरी विचारायचं की या फोटोत नक्की काय चाललंय, का चाललंय आणि हे पहिल्यापासून असंच होतं का. मग ते खाली स्वतःच्या शब्दांत लिहायचं.

आणि मग काय सांगू! पोरं काय काय घेऊन आली. कोणाच्या घरची हळद, म्हणजे आख्खं अंगण पिवळं आणि त्यात एक म्हातारी एवढी नाचतेय की फोटोत तिला तीन हात आलेत. कोणाची खाडीकाठची पूजा. ज्याचे आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले होते त्या मुलाने त्यांच्याकडच्या सणातला फुलांचा रचलेला डोंगर आणला आणि त्याभोवती टाळ्या वाजवत फिरणाऱ्या त्याच्या आत्या. घरी विचारायच्या गृहपाठाने तर घराघरांत वादळं उठवली. एका मुलाने विचारलं की नारळ खाडीत का सोडतात, तर त्याचे वडील आणि चुलते यावर रात्रीच्या जेवणात भांडले. पोराने खाली लिहिलं, “याबद्दल आमच्या घरात दोन मते आहेत आणि एक जण जेवला नाही.” मी त्याला पैकीच्या पैकी दिले.

आता आमची नायिका. मुलगी शेवग्याच्या शेंगेसारखी उंच, वेणी दोरखंडासारखी, आणि संगणकावर हात असा चालायचा की मी तिच्यामागे उभी राहून नुसती “हं, हं” करायची. वडिलांचे नारपोलीत थोडे माग होते. आईचं माहेर कोन. तिने आणला आईवडिलांच्या लग्नातला फोटो. रंग उडून सगळे लोक थोडे केशरी झालेले. त्यात भलीमोठी गर्दी आणि गर्दीत एका बाजूला कानपिळी चाललेली.

कानपिळी म्हणजे नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर बघ, असा तो सज्जड दम. मग नवरदेवाकडून भावाला कापडचोपड मिळतं आणि कान सुटतो. त्या फोटोत नवरदेव, म्हणजे मुलीचे वडील, ओठ दाबून सहन करताना दिसत होते, आणि कान धरला होता फोटोच्या अगदी कडेला उभ्या असलेल्या मामाने.

नेमक्या याच आठवड्यात आमच्या वर्गाला अंडाकृती चौकट सापडली. कोणी शोधली कोण जाणे, पण गोवर पसरावा तशी पसरली. सोनेरी कडेचं अंडं, आत फोटो. दोन दिवसांत भिवंडीची समग्र संस्कृती अंड्यांत जाऊन बसली. अंड्याचं एक असतं: मधलं छान दिसतं आणि कडेचं जातं. बैलपोळ्यातल्या बैलांची शिंगं गेली. फुलांच्या डोंगराचा शेंडा गेला. एका मुंजीतला बटू राहिला पण भटजी गेले. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. अंडं सुंदर होतं.

आमच्या नायिकेनेही वडिलांचा चेहरा अंड्याच्या बरोब्बर मध्ये बसवला. मामा बाहेर. मामाचा हात मात्र आत. कारण हात कानाला होता आणि कान वडिलांचा होता. खाली तिने सुरेख अक्षरात लिहिलं होतं: “कानपिळी. यात नवरीच्या भावाला फार मान असतो.”

मी ते पान पाहिलं आणि म्हणाले, “वा!”

पालकांसाठी आम्ही प्रदर्शन ठेवलं. मुख्याध्यापकांनी कुठूनतरी प्रोजेक्टर मिळवला, हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर लावली आणि स्वतः अत्तर लावून आले. मुलीने घरी सांगून ठेवलं होतं की मामाचा फोटो भिंतीएवढा दिसणार. मामा कोनहून सुमो भरून माणसं घेऊन आला. पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, छाती पुढे. गोदामांना भाड्याने दिलेली जमीन, नवीन बंगला, गावात शब्दाला वजन. तो पहिल्या रांगेत मधोमध बसला आणि मागच्यांकडे वळून म्हणाला, “आता बघा.”

त्यांनी बघितलं. भिंतीवर एक प्रचंड सोनेरी अंडं उमटलं. अंड्यात वेदनेने वाकडा झालेला एक नवरदेव. आणि अंड्याच्या कवचातून बाहेर आलेला, मनगटापासून पुढचा, कोणाचाच नसलेला एक हात त्याचा कान ओढतोय.

मग मागच्या रांगेतून एक आवाज आला, “हात कोनाचा रं तो?”

दुसरा म्हणाला, “भुताचा असंल.”

सगळा हॉल फुटला. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मुख्याध्यापकही हसले, मग मामाकडे बघून खोकले. मामा उठला, पांढऱ्या चादरीवर त्याची सावली पडली, त्या सावलीने एकवार अंड्याकडे मान वळवली आणि मामा निघून गेला. त्याच्यामागे सुमोतली सगळी माणसं. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मुलगी संगणकाच्या खोलीत कोपऱ्यात बसून रडत होती.

“बाई, मामा ताईच्या लग्नाला येनार न्हाय बोलतो.”

“अगं, रागात बोलला असेल.”

“न्हाय ना. आई रात्री अल्बम घेऊन गेली त्याच्याकडं. हा बघ, यात तू हायेस, बोलली. तर बोलतो, अल्बमात मी हाय, मना म्हाईत हाय. गावासमोर कुठं हाय? गावासमोर माझा हात तेवढा ठेवला, बाकीचा फेकून दिला.” ती हुंदके देत पुढे म्हणाली, “आई माझ्याशी बोलत नाय. ताई पण नाय. ताई बोलली, तुझ्या त्या अंड्यापायी मी एकटीच चालत जाऊ का मांडवात?”

इतिहासाची शिक्षिका म्हणून मी मोठमोठी तहनाम्यांची प्रकरणं शिकवली होती, पण त्यातला एकही तह मला उपयोगी पडेना. मी म्हटलं, “मामांना शाळेत बोलावून माफी मागू.”

“तो बोललाय, त्या शालेची पायरी चढनार न्हाय.”

“मग फोटो नव्याने आत घेऊ. मोठा छापू. फ्रेम करून देऊ.”

तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चौथीतल्या मुलाकडे बघते. “नव्याने कशाला, बाई? मामा आतच हाय.”

“कुठे आत?”

तिने अभ्रा बाजूला केला, ते पान उघडलं, फोटोच्या कडेला टिचकी मारली आणि माउस धरून कड बाहेर ओढली. अंड्याच्या मागून एक कोपर आलं. मग खांदा. ती थांबली. “कापत न्हाय तो, बाई. झाकतो नुसता. मी मामाला कापलाच न्हाय.”

तिचं डोकं धरून कपाळाचा मुका घ्यायचाच काय तो मी बाकी ठेवला. प्रश्न एकच होता. मामा संगणकाकडे येणार नाही, म्हणजे संगणकाला मामाकडे जावं लागणार.

मुख्याध्यापकांनी हे ऐकलं आणि टेबल धरलं. “बाई, संगणक शाळेची मालमत्ता आहे. दाराबाहेर काढता येत नाही.”

“सर, एक लग्न अडलंय.”

“रस्त्यात धूळ किती आहे!”

“अभ्रा घालून नेऊ.”

“खड्डे आहेत!”

“मांडीवर घेऊन बसू.”

“कोणाच्या मांडीवर?” ते म्हणाले, आणि उत्तर त्यांना स्वतःलाच कळलं, कारण त्या यंत्राला ते दुसऱ्या कोणाच्या मांडीवर बसू देणार नव्हते.

तर त्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, भिवंडी-कल्याण रस्त्यावरून आमची वरात निघाली. रिक्षात एका बाजूला मुख्याध्यापक. त्यांच्या मांडीवर पांढऱ्या अभ्र्यातला मॉनिटर, जुन्या पद्धतीचा, मागे पोट आलेला. दोन्ही हातांनी त्यांनी त्याला कवटाळलेलं. मध्ये मुलगी, गळ्यात माउस, मांडीवर कीबोर्ड. या बाजूला मी, पायांत संगणकाचा डबा. प्रत्येक खड्ड्याला सर “हळू, हळू” करत होते, आणि त्या रस्त्यावर “हळू” हा एकच शब्द प्रवासभर पुरतो.

रिक्षावाला आरशातून बघत होता. शेवटी त्याला राहवेना. “मास्टरजी, टीवी बिगड गया क्या?”

“टीव्ही नहीं है,” सर दुखावून म्हणाले. “कंप्यूटर है.”

“तो बिगडा क्या है?”

“रिश्ता,” मी म्हटलं. त्याने भाडं सांगताना थोडं कमी सांगितलं.

मामाचा बंगला गुलाबी होता आणि दारात दोन सिंह होते. मुलीची आई आधीच येऊन ओटीवर बसली होती, पदर डोक्यावर, चेहरा घट्ट. मामी दारात आली. ठेंगणी, गोरीपान, डोळ्यांत मिश्कीलपणा मावत नव्हता. “या बाई, या सर. ह्या बालाला खाली ठेवा,” ती मॉनिटरकडे बघून म्हणाली.

“आणि मामा?” मी विचारलं.

“आतल्या खोलीत हाय. रुसलाय.” मग आवाज चढवून, आतल्या खोलीत नीट ऐकू जाईल असा, “आज तिसऱ्यांदा जेवला. रुसलेल्या मानसाला भूक फार!”

आतून आवाज आला, “कोन हाय? मना कोनाला भेटायचा न्हाय!”

आम्ही हॉलमध्ये टीपॉयवर संगणक मांडला. मुलीने तारा जोडल्या. बटण दाबलं, पडदा उजळला, आणि वीज गेली.

सगळ्या कोन गावाचा पंखा एकदम थांबला. मुख्याध्यापकांनी पहिलं काम केलं ते मॉनिटरवर अभ्रा चढवायचं. मुलीचे डोळे भरून आले. मी म्हटलं, “आता कधी येईल?”

“संध्याकाळ होईल,” मामी म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहून एक डोळा बारीक केला आणि पुन्हा आवाज चढवला. “काय करनार बाई, परत न्या तुमचा कंप्यूटर. आमच्या घरात काय सोय न्हाय!”

आत खाट करकरली.

“सोय न्हाय कशी?” आवाज आला.

“जनरेटर हाय, पन मना कुठं चालू करता येतो? ज्याला येतो त्याला कोनाला भेटायचा न्हाय.”

मग मामा बाहेर आला. आमच्यापैकी कोणाकडेही न बघता, हॉलमधून सरळ मागच्या दारी गेला. जाता जाता मुख्याध्यापकांना मात्र म्हणाला, “सर, अख्ख्या कोनमध्ये एवढा मोठा जनरेटर कोनाकडं न्हाय. तुमी विचारा कोनाला पन.” सर म्हणाले, “नाही नाही, बघितलं तरी कळतंय,” जनरेटर त्यांना अजून दिसलाही नसताना. मागून एक धडधडाट झाला, सिंहांपर्यंत सगळं घर थरथरलं आणि दिवे आले.

आता जनरेटर चालू करून आलेल्या माणसाला तो कशासाठी चालू केला हे बघणं भागच होतं. मामा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. बसला नाही. बसणं म्हणजे तह झाला असता.

पडद्यावर अंडं आलं. अंड्यात नवरदेव, कानाला हात. मामाने मान फिरवली.

“मामा, बघ ना,” मुलगी म्हणाली. तिचा हात माउसवर होता. “तुला मी कापला न्हाय. बघ.”

तिने कड धरली आणि हळूहळू बाहेर ओढायला सुरुवात केली. मनगट आलं. कोपर आलं. टेरिकॉटच्या शर्टाची बाही. खांदा. मामाने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मग पूर्ण पाहिलं. मग एक पाऊल पुढे आला. कानाची पाळी आली, केसांचा फुगा आला, आणि शेवटी चेहरा. सतरा-अठरा वर्षांच्या पोराचा, मिसरूडसुद्धा नीट न फुटलेल्या पोराचा.

अल्बममधला फोटो पोस्टकार्डाएवढा. त्यात कडेचा चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, म्हणून आजवर कोणाच्या लक्षात आलं नसावं. पडद्यावर तो हाताच्या पंजाएवढा झाला होता. सगळ्या मांडवात लोक हसतायत, नवरदेव ओठ दाबतोय, आणि त्याचा कान धरून ठेवलेला हा पोरगा ओठ उलटे करून, गाल ओले करून, ढसाढसा रडतोय.

जनरेटर धडधडत होता.

“अगो बाय,” मामी म्हणाली. “तुमी रडताव?”

“कोन रडतोय? अक्षता गेल्या डोल्यात.”

“दोनी डोल्यांत?”

“लोक मारतात कशापन!”

“आनि नाक?” मामीने पडद्यावर बोट ठेवलं. “नाकात पन अक्षता?”

मुख्याध्यापकांनी तिचं बोट काचेला लागल्याचं पाहून घाईघाईने रुमाल काढला. तोवर मुलीची आई उठली होती. ती पडद्याजवळ गेली, वाकली आणि बराच वेळ त्या पोराकडे बघत राहिली. मग मागे वळून आपल्या अवाढव्य भावाला म्हणाली, “मना वाटायचा तू घड्यालासाठी रुसलावतास. कापड दिला, घड्याल न्हाय दिला म्हनून जेवला न्हायस.”

“घड्याल पायजेच होता,” मामा म्हणाला. मग सिंहांच्या दिशेने बघत, “पन बाय, तू गेल्यावर घरात कोनच उरला न्हवता ना. भाकऱ्या कोन करनार व्हता?”

“भाकऱ्यांसाठी रडला!” मामी टाळी वाजवून म्हणाली. “बघा बाई, तवापन पोटच!”

आधी मुलीची आई हसली, हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मग मामा हसला. मग सर, परवानगी मिळाल्यासारखे. मुलगी मात्र हसत नव्हती. तिने माउस सोडला नव्हता.

“मामा, येशील ना?”

मामाने खुर्ची ओढली आणि बसला. मला कळलं, तह झाला. पण अटी राहिल्या होत्या. त्या त्याने एकेक करून सांगितल्या. हे पान पुन्हा शाळेत दाखवायचं, त्याच भिंतीवर, त्याच माणसांना. अंडं नको, चौकोन पाहिजे. खाली नाव नीट पाहिजे. “आनि रडतोय ते लिवायचा न्हाय.”

“मग काय लिहू?” मुलीने विचारलं.

मामाने विचार केला. “लिव, अक्षता फार जोरात मारल्या.”

आम्ही पुढच्या शनिवारी ते पान पुन्हा दाखवलं. सुमो पुन्हा आली. चहा पुन्हा केला आणि या वेळी तो संपला. पान भिंतीवर आलं तेव्हा मामा मागे वळला आणि म्हणाला, “हात कोनाचा ते कलला का आता?” मुलीने खाली लिहिलं होतं: “नवरीचा भाऊ कान पिळतो तेव्हा तो रागावलेला दिसायला हवा. माझा मामा तसा दिसत नाही. कारण अक्षता.” अख्ख्या हॉलला कारण समजलं, पण एकानेही ते बोलून दाखवलं नाही. सांस्कृतिक साक्षरता, दुसरं काय!

लग्नाला मी गेले. हळदीच्या रात्री बेंजो पार्टीच्या तालावर जे नाचले ते दुसऱ्या दिवशी लंगडत होते, त्यांत मुख्याध्यापकही होते, पण ते म्हणाले रिक्षातून उतरताना पाय मुरगळला. मुहूर्तावर मामाने भाचीला आणलं. तिचा दंड धरून, छाती पुढे, दोन्ही बाजूंना बघत, जणू मांडव त्याच्यासाठीच घातलाय. बोहल्याजवळ पोचल्यावर त्याने हात सोडला, जरा मागे सरकला आणि डोळे मिटून घेतले. अक्षता पडायला अजून वेळ होता. मामीने मला कोपर मारलं.

जेवणं झाल्यावर फोटोग्राफरने सगळ्यांना एकत्र फोटोसाठी बोलावलं. आणि तिथे खरा गोंधळ उडाला. कारण अंड्याची बातमी एव्हाना दोन्ही घरांत, शेजारी आणि व्याह्यांकडेही पोचली होती. कडेला उभं राहिलं की माणूस जातो, हे प्रत्येकाला कळलं होतं. कडेला उभं राहायला कोणी तयार होईना. मावशा मध्ये, चुलते मध्ये, नवऱ्या मुलाकडचे सात-आठ दाढीवाले मध्ये, सगळं लग्न मधोमध एका गाठोड्यासारखं गोळा झालं आणि त्यात नवरा-नवरी दिसेनासे झाले.

“ओ, पसरा की जरा!” फोटोग्राफर ओरडत होता. “कडेला दोन माणसं उभी राहा! काकी, तुम्ही या कडेला!”

“मी कशाला? तूच रहा,” काकी म्हणाली आणि आणखी आत घुसली.

तेव्हा मामा गाठोड्यातून बाहेर पडला. एकटाच चालत पार टोकाला गेला, मांडवाच्या खांबाशेजारी हाताची घडी घालून उभा राहिला आणि फोटोग्राफरला म्हणाला, “घे. पन मी आलो पायजे. सगला.”

फोटोग्राफरने डोळ्याला कॅमेरा लावला आणि मान हलवली. मामा मावत नव्हता. तो एक पाऊल मागे सरला. मामाला टोकाला बघून दुसऱ्या टोकाला त्याचा एक मेहुणा जाऊन उभा राहिला, मग त्याच्याही पलीकडे आणखी कोणी. फोटोग्राफर अजून मागे. जेवणाच्या टेबलांपर्यंत. मग टेबलांच्या पलीकडे. मग मांडवाच्या बाहेर, रस्त्यावर, जिथून आमच्या कल्याणच्या रिक्षा जातात. मामा तिथून ओरडून विचारत होता, “आलो का?” आणि तो तिकडून “अजून जरा!” म्हणत आणखी मागे जात होता.

त्या फोटोची एक प्रत माझ्याकडे आहे. त्यात एकूण एक माणूस आहे, कोणाचं बोटसुद्धा कापलेलं नाही. नवरा-नवरी कोणते, हे मात्र मला अजून सांगता येत नाही.